कोणते कलम पडते, काय उरते? शिक्षणविषयक कायदे आणि पृथक्करणीयतेचे तत्त्व

(बडोदे येथे मराठीभाषक सभासदांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. भाषणानंतरच्या चर्चेत निघालेल्या एका प्रश्नाचे उत्तर शेवटी जोडले आहे.)

कॉम्रेड्स,

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. मी वकील नाही. पक्षाची कागदपत्रे, ठराव आणि लेख मराठीत आणण्याचे काम मी करते; आणि आजच्या विषयाशी माझा संबंध आला तोही त्या कामामुळेच. शिक्षणविषयक एका निवाड्यावरील टिपण मराठीत आणताना एका शब्दापाशी माझी लेखणी अडली. कायद्याचा घटनाबाह्य भाग बाजूला काढून उरलेला भाग चालू ठेवता येणे, या कल्पनेला मराठीत काय म्हणावे? 'विभाज्यता' म्हटले तर शाळेतील गणिताचा तास आठवतो. शेवटी 'पृथक्करणीयता' हा शब्द पत्करला. उच्चारायला तो जड आहे. परंतु त्यामागील गोष्ट साधी आहे.

आंब्याच्या आढीतला एक आंबा नासला, तर तो काढून टाकतात आणि बाकीची आढी राखतात. दूध नासले, तर त्यातला आंबट थेंब निवडून काढता येत नाही. सारे भांडे ओतून द्यावे लागते. एखाद्या कायद्याचे एक कलम राज्यघटनेविरुद्ध ठरले म्हणजे न्यायालयापुढे हाच प्रश्न उभा राहतो: हा कायदा आंब्याची आढी आहे की दुधाचे भांडे?

प्रश्न वकिलांचा वाटतो, पण त्याचा निकाल शिक्षकांच्या पगारावर, विद्यार्थ्यांच्या प्रवेशावर आणि लाखो मुलांच्या परीक्षांवर पडतो. म्हणूनच तो आपण समजून घेतला पाहिजे.

दोन खटले, एक तारीख

या तत्त्वाचे मूळ राज्यघटनेच्या १३ व्या अनुच्छेदात आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा शून्यवत ठरेल, परंतु तो 'अशा विसंगतीच्या मर्यादेपर्यंत', असे तो अनुच्छेद सांगतो. सगळा कायदा आपोआप पडत नाही. विसंगती जेथवर पोचते तेथवरच तो पडतो. पृथक्करणीयतेची सारी इमारत या शब्दांवर उभी आहे.

आपल्या चळवळीने या शब्दांचा अर्थ राज्यघटना लागू झाल्यानंतर चार महिन्यांतच अनुभवला. १ मार्च १९५० रोजी मद्रास सरकारने दोन आदेश काढले. एक होता कॉ. ए. के. गोपालन यांच्यावर बजावलेला प्रतिबंधक स्थानबद्धतेचा आदेश. दुसरा होता रोमेश थापर यांच्या 'क्रॉस रोड्स' या मुंबईहून निघणाऱ्या डाव्या साप्ताहिकाला मद्रास राज्यात बंदी घालणारा. दोन्ही प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात गेली आणि दोहोंचे निकाल मे १९५० मध्ये लागले.

गोपालन यांच्या खटल्यात न्यायालयाने प्रतिबंधक स्थानबद्धता कायद्याचे १४ वे कलम रद्द केले. स्थानबद्धतेची कारणे न्यायालयापुढे उघड करण्यास ते कलम बंदी करीत होते. परंतु ते वेगळे काढता येण्याजोगे आहे, ते गेल्याने कायद्याची रचना बदलत नाही, असे म्हणून उरलेला कायदा न्यायालयाने वैध ठरविला. कलम पडले, कायदा उरला, आणि त्या निकालाने गोपालन सुटले नाहीत.

'क्रॉस रोड्स'च्या खटल्यात उलट घडले. मद्रासच्या कायद्यातील तरतूद इतकी व्यापक होती की घटनेने मान्य केलेल्या आणि न केलेल्या अशा दोन्ही कारणांसाठी ती वापरता आली असती. अशा तरतुदीचा वैध वापर अवैध वापरापासून वेगळा काढता येत नाही, म्हणून ती संपूर्ण शून्यवत ठरली. बंदी उठली.

कॉम्रेड्स, या जोडीत आजच्या विषयाचे सार आहे. पृथक्करणीयता हे तत्त्व स्वतः पुरोगामीही नाही आणि प्रतिगामीही नाही. दडपशाहीचा कायदा त्याने वाचतो, तसा कल्याणाचा कायदाही वाचतो. कोणता भाग कशाला जोडलेला आहे, यावर सगळे अवलंबून असते.

सात कसोट्या

हे ठरविण्याच्या कसोट्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल १९५७ मध्ये घालून दिल्या. खटला शिक्षणाचा नव्हता. बक्षीस-स्पर्धा चालविणाऱ्या चमारबागवाला यांचा होता. शब्दकोड्यांसारख्या स्पर्धांवर नियंत्रण आणणारा १९५५ चा केंद्रीय कायदा कौशल्याच्या स्पर्धांना लागू होऊ शकत नसेल, तर तो जुगाराच्या स्पर्धांना तरी लागू राहतो काय, असा वाद होता. लागू राहतो, असा निर्णय झाला. निवाडा न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी लिहिला. त्यातील सात नियम थोडक्यात असे:

एक, अवैध भाग वगळावा लागेल हे विधिमंडळाला ठाऊक असते, तर उरलेला भाग त्याने मंजूर केला असता काय? हा विधिमंडळाचा हेतू निर्णायक होय.

दोन, वैध आणि अवैध भाग एकमेकांत गुंतून गेले असतील, तर सारा कायदा पडतो.

तीन, ते वेगळे दिसत असले तरी एकाच योजनेचे अविभाज्य अंग असतील, तरीही सारा कायदा पडतो.

चार, ते स्वतंत्र असतील, पण अवैध भाग काढल्यावर उरलेला सांगाडा इतका क्षीण असेल की विधिमंडळाने केला तो हा कायदाच नव्हे असे वाटावे, तर तोही पडतो.

पाच, दोन भाग एकाच कलमात आहेत की निराळ्या, याला महत्त्व नाही. महत्त्व आशयाला आहे.

सहा, उरलेला भाग अमलात आणण्यासाठी न्यायालयाला नवे शब्द घालावे लागत असतील, तर ते न्यायालयाने करू नये. वगळणे हे न्यायालयाचे काम. लिहिणे हे विधिमंडळाचे.

सात, हेतू शोधताना कायद्याचा इतिहास, उद्देश, शीर्षक आणि प्रास्ताविक पाहता येते.

या सातांपैकी पहिला आणि सहावा नियम विशेष ध्यानात ठेवावा. पुढील प्रत्येक प्रकरणात ते परत भेटतात.

केरळचे विधेयक

शिक्षणाच्या क्षेत्रात या तत्त्वाची पहिली मोठी परीक्षा कम्युनिस्ट सरकारच्या विधेयकावरच झाली, हा निव्वळ योगायोग नव्हे. केरळमध्ये बहुसंख्य शाळा खासगी व्यवस्थापनांच्या हाती होत्या. शिक्षकांचे पगार बेभरवशाचे, नेमणुका व्यवस्थापकाच्या मर्जीवर आणि नोकरी कधी जाईल याचा नेम नाही, अशी स्थिती होती. एप्रिल १९५७ मध्ये कॉ. नंबूदिरिपाद यांचे मंत्रिमंडळ आले आणि शिक्षणमंत्री जोसेफ मुंडश्शेरी यांनी केरळ शिक्षण विधेयक मांडले. अनुदानित शाळांतील शिक्षकांचे पगार सरकारने थेट द्यावेत. नेमणुका लोकसेवा आयोगाने निवडलेल्या यादीतून व्हाव्यात. कामावरून काढण्यावर बंधन असावे. गैरकारभार झाल्यास सरकारला व्यवस्थापन ताब्यात घेता यावे. आणि प्राथमिक वर्गांत फी असू नये, या त्यातील मुख्य गोष्टी. २ सप्टेंबर १९५७ रोजी विधानसभेने ते मंजूर केले. राज्यपालांनी ते राष्ट्रपतींसाठी राखून ठेवले आणि राष्ट्रपतींनी १४३ व्या अनुच्छेदाखाली सर्वोच्च न्यायालयाचे मत मागितले.

मत २२ मे १९५८ रोजी आले. ते सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी लिहिले. आपल्याकडे हे मत 'विधेयकाविरुद्ध निकाल' म्हणून सांगितले जाते. हे अर्धसत्य आहे. त्यातील विभागणी पाहा.

पगार, नेमणुका आणि नोकरीची सुरक्षितता यांविषयीची कलमे, म्हणजे ९, ११ आणि १२, अनुदान घेणाऱ्या संस्थांवरील नियमन म्हणून न्यायालयाने मान्य केली. कारभार चालविण्याच्या हक्कात गैरकारभाराचा हक्क येत नाही, हे सूत्र या मतातूनच आले. व्यवस्थापन ताब्यात घेणारी १४ आणि १५ ही कलमे मात्र ३० व्या अनुच्छेदाने अल्पसंख्याकांना दिलेल्या हक्काचा भंग करतात, असे ठरले. प्राथमिक वर्गांत फी न घेण्याचे २० वे कलम मान्यता मागणाऱ्या नव्या अल्पसंख्य शाळांच्या बाबतीत अडले. कारण फीचे उत्पन्न बंद करून त्याची भरपाई दिली नाही, तर ती शाळा चालणारच नाही. अँग्लो-इंडियन शाळांना ३३७ व्या अनुच्छेदाने मिळणारे अनुदान हा आणखी वेगळा विषय होता. न्यायमूर्ती वेंकटराम अय्यर यांनी एका मुद्द्यावर भिन्न मत दिले: शाळा काढण्याच्या हक्कात सरकारी मान्यतेचा हक्क अंतर्भूत नाही, म्हणून २० वे कलमही टिकते, असे त्यांनी लिहिले.

विधेयकाचा अद्याप कायदा झालेला नव्हता. म्हणून न्यायालयाने कात्री चालविली नाही. कात्री कोठे लागेल ते दाखविले. विधानसभेने विधेयक दुरुस्त केले, १४ व्या आणि १५ व्या कलमांतून अल्पसंख्य शाळांना वगळले आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये त्याला संमती मिळाली. शिक्षकांच्या पगाराची आणि नोकरीची हमी टिकून राहिली, कारण ती ताबा घेण्याच्या कलमांवर अवलंबून नव्हती. पहिला नियम लावून पाहा: ताब्याचा अधिकार गेला असता, तरी ही विधानसभा शिक्षकांना पगाराची हमी देणारच होती, याविषयी कोणाला शंका असणार?

पुढे काय झाले ते आपण जाणतो. प्रस्थापित हितसंबंधांनी उभारलेल्या तथाकथित 'विमोचन समरा'नंतर ३१ जुलै १९५९ रोजी केंद्राने ते सरकार बरखास्त केले आणि लोकसेवा आयोगामार्फत नेमणुकांचे कलम १९६० मध्ये नव्या सरकारने बदलून टाकले. न्यायालयाने जे राखले होते, ते विधिमंडळाच्या बहुमताने काढले. कलम न्यायालयात टिकले म्हणजे लढाई संपली, असे समजू नये, हा त्यातील धडा.

शब्द कापणे आणि व्याप्ती कापणे

केरळच्या मतातून आणखी एक भेद पुढे आला. एखादे कलम कागदावरून पुसून टाकणे हा पृथक्करणाचा एक प्रकार. दुसरा प्रकार असा की कलम कागदावर जसेच्या तसे राहते, परंतु ठरावीक संस्थांना ते लागू होत नाही. पहिल्यात शब्द कापला जातो, दुसऱ्यात व्याप्ती. शिक्षणविषयक कायद्यांत ३० व्या अनुच्छेदामुळे दुसरा प्रकार अधिक आढळतो आणि त्याचे परिणाम पटकन दिसत नाहीत. कायद्याचे पुस्तक उघडले तर कलम तेथे आहेच; पण आपल्या शाळेतील शिक्षकाला त्याचा उपयोग नाही.

याच राज्यातील उदाहरण घ्या. गुजरात विद्यापीठ कायद्यात १९७२ साली दुरुस्त्या झाल्या. शिक्षकाला काढण्यापूर्वी कुलगुरूंची संमती घ्यावी, वाद लवादाकडे जावेत, व्यवस्थापन मंडळात विद्यापीठाचे प्रतिनिधी असावेत, अशा त्यांतील तरतुदी होत्या. अहमदाबादच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या खटल्यात १९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने यांतील वादग्रस्त तरतुदी अल्पसंख्य संस्थांना लागू होणार नाहीत असे ठरविले. कुलगुरूंच्या संमतीच्या अधिकाराला कसलीही मार्गदर्शक चौकट नव्हती, हा त्या संमतीवरचा मुख्य आक्षेप होता. येथे दोष केवळ न्यायालयाकडे ढकलून भागत नाही. चौकट लिहिली असती, तर तरतूद वाचण्याचा संभव होता. आणि चौकट न्यायालय लिहीत नाही, हा सहावा नियम आपण पाहिलाच.

याच्या उलट उदाहरण दिल्लीचे. दिल्ली शालेय शिक्षण कायदा, १९७३ यातील चौथे प्रकरण शिक्षकांच्या सेवाशर्तींचे. त्यातील दहावे कलम सांगते की मान्यताप्राप्त खासगी शाळेतील शिक्षकांचे वेतन व सवलती सरकारी शाळांपेक्षा कमी असू नयेत. परंतु बारावे कलम म्हणत होते की विनाअनुदानित अल्पसंख्य शाळांना हे सारे प्रकरण लागू नाही. फ्रँक अँथनी पब्लिक स्कूलच्या कर्मचारी संघटनेने यास आव्हान दिले. नोव्हेंबर १९८६ मध्ये न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांच्या निवाड्याने बारावे कलम भेदभावकारक म्हणून रद्द झाले. अपवाद एवढाच की, बडतर्फीपूर्वी शिक्षण संचालकांची संमती घेण्याचे ८ व्या कलमाचे दुसरे पोटकलम अशा शाळांना लागू नाही, इतक्यापुरते ते टिकले.

येथे कात्री कोठे लागली ते पाहा. कापली गेली ती सूट. सूट गेल्याबरोबर समान वेतनाचे कलम आपोआप त्या शिक्षकांपर्यंत पोचले. संस्थेचे अल्पसंख्य स्वरूप राखले गेले आणि तेथे राबणाऱ्या शिक्षकाला कमी पगार देण्याची सबब गेली. शिक्षक संघटनांत काम करणाऱ्या कॉम्रेड्सनी हा निवाडा तोंडपाठ करावा अशी माझी विनंती आहे.

शिक्षणहक्क कायदा: कापले किती?

आता जवळच्या काळाकडे येऊ. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-अ आला, २००९ मध्ये बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्याच्या कलम १२(१)(क) नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गातील किमान २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यायच्या आहेत.

१२ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने कायदा वैध ठरविला. परंतु विनाअनुदानित अल्पसंख्य शाळांच्या हक्काचा, विशेषतः १२(१)(क) आणि १८(३) या कलमांमुळे, भंग होतो असे म्हणून चमारबागवाला खटल्यातील तत्त्वाचे नाव घेऊन कायदा त्या शाळांना लागू नाही असे सांगितले. ६ मे २०१४ रोजी प्रमती खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने आणखी एक पाऊल टाकले: अनुदानित असो वा विनाअनुदानित, कोणत्याही अल्पसंख्य शाळेला हा कायदा लागू नाही.

येथे थांबून विचार केला पाहिजे. वाद होता २५ टक्के जागांचा. बाहेरची मुले घेण्याच्या सक्तीने संस्थेचे स्वरूप बदलेल, हा युक्तिवाद त्या एका कलमापुरता समजू शकतो. परंतु त्याच कायद्यात कलम १७ आहे. ते मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करण्यास मनाई करते. कलम १३ देणगी आणि प्रवेशचाचणी यांना मनाई करते. कलम १९ शाळेला इमारतीचे व सुविधांचे मानदंड लावते, २३ शिक्षकांची पात्रता ठरविते, २५ शिक्षक-विद्यार्थी प्रमाण राखते. मुलाला छडी न मारल्याने कोणत्या अल्पसंख्य समाजाची भाषा वा संस्कृती धोक्यात येते? एक आंबा काढायचा होता; पण त्या शाळांतील मुलांपुरती आढीच उचलली गेली.

हीच शंका पुढे सर्वोच्च न्यायालयातही व्यक्त झाली आणि ती महाराष्ट्रातून गेलेल्या प्रकरणात, हे आपल्या दृष्टीने उल्लेखनीय आहे. शिक्षक पात्रता परीक्षेसंबंधीच्या या प्रकरणात १ सप्टेंबर २०२५ रोजी दोन न्यायाधीशांच्या पीठाने प्रमती निवाड्याविषयी साशंकता नोंदवून प्रश्न सरन्यायाधीशांकडे पाठविला. चर्चा फक्त १२(१)(क) ची झालेली असताना संपूर्ण कायदाच अल्पसंख्य शाळांपुरता बाद करणे योग्य होते काय, आणि त्या कलमाचा अर्थ संकुचित करून त्याच समाजातील दुर्बल घटकांच्या मुलांसाठी ते वाचविता आले नसते काय, असे त्या पीठाने विचारले. याच निवाड्याने अन्य शाळांतील, सेवानिवृत्तीस पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या जुन्या शिक्षकांना दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण होण्यास सांगितले. म्हणजे एकाच गावातील दोन शाळांतील शिक्षकांचे भवितव्य, कोणता कायदा कोठवर पोचतो या एका प्रश्नावर निराळे झाले. पृथक्करणीयता हा कोरडा विषय आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या शिक्षकांशी बोलावे.

सूट कापण्याचे नवे उदाहरणही महाराष्ट्रातलेच. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियमांत एक परंतुक घातले: एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्क्यांचे बंधन नाही. शहरांत अशी शाळा जवळपास नाही असे ठिकाण क्वचितच सापडेल. म्हणजे मूळ कलम नावापुरते उरले असते. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती रद्द केली. परंतुक गेले, नियम राहिले, गरिबांच्या मुलांसाठी दार पुन्हा उघडले.

मदरसा कायदा: सारे भांडे की एक थेंब?

शेवटचे उदाहरण उत्तर प्रदेशातील मदरसा शिक्षण मंडळ कायदा, २००४ याचे. २२ मार्च २०२४ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ पीठाने धर्मनिरपेक्षतेच्या तत्त्वाचा भंग होतो या कारणावरून संपूर्ण कायदा रद्द केला आणि विद्यार्थ्यांना इतर शाळांत सामावून घेण्यास सांगितले. प्रश्न सुमारे १७ लाख मुलांचा होता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये स्थगिती दिली आणि ५ नोव्हेंबर २०२४ रोजी निकाल फिरविला. कायदा शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी नियमन करतो, ते करण्याचा राज्याला अधिकार आहे. फक्त 'कामिल' आणि 'फाजिल' या पदव्या देण्याचा भाग विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याशी, म्हणजे केंद्राच्या क्षेत्राशी, विसंगत आहे. तेवढा भाग बाद झाला. शालेय शिक्षणाचा भाग उरला. पदव्यांचा भाग काढल्यावर शाळा चालविता येत नाहीत, असे कोणी म्हणू शकत नाही. म्हणून संपूर्ण कायदा पाडणे ही उच्च न्यायालयाची चूक होती.

ज्या काळात अल्पसंख्याकांच्या संस्थांकडे बोट दाखवून धर्मांध शक्ती राजकारण करीत आहेत, त्या काळात या निकालाचे महत्त्व केवळ कायद्यापुरते नाही. एका कलमाचा दोष दाखवून संपूर्ण व्यवस्था उखडण्याची घाई कोणाला असते, हेही त्यात दिसून आले.

कायद्याने स्वतःच सांगितले तर?

काही कॉम्रेड्स विचारतील, कायद्यातच एक कलम घालून ठेवले की 'यातील कोणतीही तरतूद अवैध ठरली तरी उर्वरित कायदा लागू राहील', तर प्रश्न मिटला नाही काय? अमेरिकेत अशी कलमे सर्रास घालतात. तेथील राज्यांच्या शिक्षणसंहितांतही ती आढळतात. आपल्याकडे १३ वा अनुच्छेदच ते काम करीत असल्याने ती विरळ आहेत. परंतु अमेरिकेतही असे कलम म्हणजे विधिमंडळाच्या हेतूचा पुरावा मानला जातो, न्यायालयावरील आज्ञा नव्हे. नासलेल्या दुधाच्या भांड्यावर 'आंबे' अशी चिठ्ठी लावली, म्हणून दूध निवडता येत नाही.

खरी सुरक्षितता रचनेत आहे. म्हणून कोणत्याही राज्यात शिक्षणविषयक कायदा वा दुरुस्ती सुचविताना आपल्या संघटनांनी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, शिक्षकांचे वेतन, सेवासुरक्षा आणि मुलांचे संरक्षण ही प्रकरणे स्वतःच्या पायावर उभी राहतील अशी स्वतंत्र लिहावीत. वादग्रस्त नियंत्रणाच्या कलमांवर त्यांचा भार टाकू नये. दुसरी, संमती वा ताबा यांसारखा अधिकार द्यायचा असेल, तर तो कधी आणि कोणत्या कारणांसाठी वापरायचा, याची चौकट कायद्यातच लिहावी. तिसरी, सूट द्यायची असेल तर ती नेमकी द्यावी; एका कलमापुरती सूट हवी असताना संपूर्ण प्रकरणाची सूट देऊ नये.

चर्चेतील प्रश्न

एका शिक्षक कॉम्रेडने विचारले: "दडपशाहीचा कायदा असला की आपण म्हणतो सारा पाडा, आपल्या सोयीचा असला की म्हणतो तेवढे कलम काढा. हा संधिसाधूपणा नव्हे काय?"

प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला तसेच उत्तर दिले पाहिजे. कायद्याचा हेतू आवडला म्हणून पृथक्करण, न आवडला म्हणून संपूर्ण नाश, अशी भूमिका घेतली तर तो संधिसाधूपणाच होईल, आणि कसोटीच्या वेळी ती टिकणारही नाही. आपली भूमिका तशी असण्याचे कारण नाही. 'क्रॉस रोड्स'वरील बंदीची तरतूद पडली, ती ज्या शब्दांत दडपशाही होती त्याच शब्दांत सारा अधिकार होता म्हणून. फ्रँक अँथनी शाळेच्या शिक्षकांना पगार मिळाला, तो पगाराचे कलम आणि संमतीचे कलम खरोखर वेगळे होते म्हणून. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता: काय कशाला जोडलेले आहे? गोपालन यांच्या प्रकरणातही तो प्रामाणिकपणे विचारला पाहिजे. कारणे दडविण्याचे कलम गेल्यावरही माणसाला खटल्याविना कोंडण्याचा अधिकार उरला होता. आपला लढा त्या अधिकाराशी होता. तो एका कलमाच्या पृथक्करणाने संपणारा नव्हता.

याच कॉम्रेडने पुढे विचारले की, आपण अल्पसंख्य संस्थांच्या बाजूचे की तेथील शिक्षकांच्या? माझ्या मते हा पर्यायच खोटा आहे. अल्पसंख्य समाजाचा शाळा काढण्याचा आणि चालविण्याचा हक्क हा त्या समाजाचा आहे, व्यवस्थापकाच्या तिजोरीचा नव्हे. आणि त्या शाळेत कमी पगारावर राबणारा शिक्षक व छडी खाणारे मूल हीही बहुधा त्याच समाजाची माणसे असतात. समाजाचा हक्क जेथे संपतो आणि मालकाची मनमानी जेथे सुरू होते, ती रेघ ओढता येते. १९५८ साली ती ओढली गेली, १९८६ साली ती अधिक ठळक झाली. ती रेघ पुसली जाऊ न देणे हे आपले काम आहे, कॉम्रेड्स, न्यायालयाबाहेरही आणि आतही.